आमच्या अंगठ्यावर काय लिहिलंय, ते आधी वाचून दाखवा

प्रति,
मोबाईल अ‍ॅप बनवणाऱ्या, अ‍ॅपची दुकानं चालवणाऱ्या, जाहिराती दाखवणाऱ्या आणि नव्या फोनमध्ये आधीच अ‍ॅप भरून पाठवणाऱ्या सर्व कंपन्यांच्या संचालकांस,

स. न. वि. वि.

तासगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगची पिन बसवणं, बॅटरी, कव्हर, स्क्रीनगार्ड, रिचार्ज. सतरा वर्षं हेच करतोय. पण गेल्या सात-आठ वर्षांत सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम वेगळंच झालंय. माणूस नवा फोन खोक्यासकट काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "दादा, चालू करून द्या. सगळं टाकून द्या." सगळं म्हणजे मेसेजचं, पैसे पाठवायचं, रेल्वेचं, बँकेचं, द्राक्षावरच्या औषधांची माहिती देणारं, मुलांच्या शाळेचं. मी ते टाकून देतो. टाकताना तुमची पाटी येते: संपर्क पाहू द्या, फोटो पाहू द्या, लोकेशन द्या, माइक द्या. समोर सत्तर वर्षांचे आजोबा उभे असतात, चष्मा घरी राहिलेला असतो, परतीची एसटी पंधरा मिनिटांवर आलेली असते. मी विचारतो, "अलाऊ करू का?" ते म्हणतात, "करा की. तुम्हाला काय ते कळतंय."

आणि मी करतो. या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर असे किती फोन असतील की ज्यांच्या सगळ्या परवानग्या माझ्या अंगठ्यानं दिल्यात, याचा हिशोब मला लागत नाही. तुमच्या नोंदीत मात्र त्या सगळ्या त्या त्या माणसाच्या संमती म्हणून जमा आहेत. हे पत्र लिहायचं पहिलं कारण ते.

दुसरं कारण एका रात्रीचं आहे. दोन वर्षं झाली. पावणेअकराला माझ्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. खाली मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं होतं की ही बाई पैसे बुडवून पळाली आहे, तिनं तुमचं नाव जामीनदार म्हणून दिलंय, पैसे तुम्ही भरा, नाहीतर तुमच्या घरच्यांनाही फोन जातील. फोटोत जी बाई होती तिला मी ओळखत होतो. पण मला धक्का बसला तो तिच्या मागची भिंत बघून. मागं कव्हरांचा स्टँड होता, त्याच्या शेजारी आमच्या पतसंस्थेचं कॅलेंडर. ती माझ्या दुकानाची भिंत होती. तो सेल्फी माझ्या काउंटरसमोर निघाला होता, आणि फोन मी धरला होता.

त्यांना मी मावशी म्हणतो, तेवढंच इथं पुरे. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जातात. मुलीच्या क्लासची फी भरायची होती, बचत गटाचं कर्ज मिळायला महिना होता. कुठल्यातरी व्हिडिओच्या मधे जाहिरात आली, 'पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नाहीत'. भाच्यानं लिंक पाठवली, आणि त्या माझ्याकडं आल्या. "एवढं टाकून दे रे." मी टाकून दिलं. संपर्क, फोटो, लोकेशन, सगळ्याला अलाऊ केलं, कारण त्याशिवाय ते पुढचं पान उघडतच नव्हतं. सहा हजार मंजूर झाले, हातात तीन हजार नऊशे आले. बाकीचे 'प्रोसेसिंग'. मुदत सात दिवस.

नवव्या दिवशी त्यांच्या फोनमधल्या दोनशेच्या वर नंबरांवर तो फोटो गेला. शेडच्या मालकाला गेला. दिराला, गटाच्या अध्यक्षांना, मुलीच्या वर्गशिक्षकांना गेला. व्याह्यांकडंही. काहींना गेलेला फोटो नुसता चेहऱ्याचा नव्हता, त्यात त्यांचा चेहरा कापून दुसरीकडं चिकटवला होता. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. पंधरा दिवस त्या शेडवर गेल्या नाहीत. आम्ही १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात जाऊन बसलो. मी त्यांचा फोन फॉरमॅट मारला. फोन कोरा झाला, पण यादी कधीच बाहेर गेली होती.

त्या अ‍ॅपच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर ई-मेल टाकला, तो परत आला. मग जिनं जाहिरात दाखवली त्या कंपनीला तक्रार केली. चार दिवसांनी इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं, ते माणसानं लिहिलेलं नव्हतं हे वाचताक्षणी कळत होतं. जाहिरात आमच्या नियमांत बसते, तुम्हाला ती नको असेल तर लपवा. मावशींनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी काय सांगणार होतो?

ते अ‍ॅप चालवणारे गुन्हेगार होते, आम्ही तसे नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. तुम्हा सगळ्यांना मी त्यांच्या रांगेत बसवत नाही. पण त्यांनी ज्या दारातून आत शिरकाव केला ते दार तुम्ही बांधलंय, आणि आम्हाला ते न बघता उघडायची सवय तुम्ही लावलीय. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानं २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा भारतात अँड्रॉइडच्या निरनिराळ्या दुकानांत कर्ज देणारी सुमारे ११०० अ‍ॅप सापडली, आणि त्यातली ६०० बेकायदा होती. निम्म्याहून जास्त. पुढं सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलनं अशी २२०० हून अधिक अ‍ॅप काढून टाकली, असं सरकारनं संसदेत सांगितलं. काढली हे चांगलंच झालं. पण काढायच्या आधी ती आत कशी आली आणि तोवर किती फोनांतल्या याद्या घेऊन गेली, हे मला दुकानदार म्हणून विचारावंसं वाटतं. माझ्या दुकानातल्या चार्जरनं कुणाच्या घरी आग लागली तर लोक आधी माझ्याकडं येतात, आणि ते बरोबरच आहे.

आता आमच्या तक्रारी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार संमतीची. तुम्ही जिला संमती म्हणता ती संमती नाही.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचं एक जुनं खत आहे. शेवटी काळ्या शाईचा अंगठा, शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलंय, खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदार. पणजोबांना अक्षर येत नव्हतं. पण तो कागद त्यांना वाचून दाखवला होता असं त्यावर लिहिलंय, आणि ते लिहावं लागलं त्यालाही इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जाची खतं आणि रोखे बाहेर काढून जाळले. पाठोपाठ पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं. रोख माणसांवर फारसा नव्हताच, त्या कागदांवर होता. कारण ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेतलेला, रक्कम कुणी भरली आणि व्याज कुणी ठरवलं हे त्याला ठाऊक नाही, आणि कोर्टात मात्र तो कागद खरा. सरकारनं चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तरतूद त्यात होती. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं.

म्हणजे इंग्रज सरकारलाही दीडशे वर्षांपूर्वी एवढं कळलं होतं की न समजता उठवलेला अंगठा खरा धरता येत नाही. आणि तुम्ही आज मावशींचा अंगठा खरा धरता.

आमच्याकडं चालणाऱ्या एका अ‍ॅपचं गोपनीयता धोरण मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. चौतीस पानं झाली. सगळी इंग्रजीत. मी बी.ए. आहे, तरी सहाव्या पानावर अडलो. 'आमचे सहयोगी', 'संलग्न संस्था', 'सेवा सुधारण्यासाठी' असे शब्द पानोपानी येतात, पण सहयोगी म्हणजे नेमकं कोण, त्यांची नावं काय, ते कुठं बसतात, हे चौतीस पानांत कुठंही नाही. तेच अ‍ॅप जाहिरात करताना मात्र घरच्यासारखं मराठी बोलतं. सणाला शुभेच्छा देतं, 'ताई' म्हणतं, 'दादा' म्हणतं. वस्तू विकायला मराठी येते आणि अटी सांगायची वेळ आली की येत नाही, हे आम्हाला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितलीय. एवढ्या लोकांसाठी एक पान मराठीत लिहिणं तुम्हाला जड जाऊ नये.

कायदाही आता हेच म्हणतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून घेतलेली, बिनशर्त आणि स्पष्ट असावी असं त्यात आहे. माहितीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय माणसाला मिळाली पाहिजे असंही आहे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. कायद्यात एक उदाहरण दिलंय ते तर मला मावशींसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. एक बाई फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं अ‍ॅप उतरवते, ते तिची संपर्कयादी मागतं, ती हो म्हणते. कायदा म्हणतो की सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही, म्हणून तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. हो म्हटलं असलं तरी.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तुमच्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मुदत तुम्हाला तयारीसाठी दिलीय हे मला समजतं. पण तोवर जुनाच कारभार चालू ठेवायचा, मिळेल तेवढं गोळा करून घ्यायचं, असा तिचा अर्थ कुणी लावत असेल तर तो आम्हाला मान्य नाही.

दुसरी तक्रार. एकाच्या होकारावर तुम्ही दुसऱ्यांचं घेता. माझा नंबर मावशींच्या फोनमध्ये 'मोबाईलवाले दादा' म्हणून होता. तो कुणाला देण्याची परवानगी मी दिलेली नव्हती. वर्गशिक्षकांनी दिली नव्हती, व्याह्यांनी दिली नव्हती. हे फक्त चोर करतात असं नाही. एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक-प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडं गेल्याचं प्रकरण २०१८ साली उघडकीला आलं, तेव्हा फेसबुकनंच भारताचा आकडा सांगितला होता. ते अ‍ॅप भारतात ३३५ जणांनी उतरवलं होतं, आणि त्यातून माहिती गेली असण्याची शक्यता असलेले भारतीय होते ५,६२,४५५. ३३५ जणांच्या होकारावर साडेपाच लाख माणसं. गावातल्या एकानं सही केली म्हणून सगळ्या शिवाराचा सातबारा कुणी उतरवून नेला, तर आपण काय म्हणू?

आजही नवं अ‍ॅप टाकलं की निम्म्या वेळा पहिला प्रश्न संपर्कांचा असतो. 'तुमचे मित्र शोधा.' बायकांच्या फोनमध्ये माहेरचे, सासरचे, डॉक्टरीणबाईंचे, वकिलाचे नंबर असतात. कुणाचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे, एवढ्यावरूनच एखाद्या घरातलं किती काय बाहेर येतं, हे तुमच्या शहरातल्या कचेरीत बसून कळणार नाही. आमच्याकडं एका घरात एवढ्यावरून मोडायला आलेलं लग्न मी बघितलंय.

तिसरी तक्रार जबरदस्तीची. 'मान्य करा, नाहीतर वापरू नका.' जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटी आणल्या, आधी ८ फेब्रुवारीची मुदत दिली, ओरड झाल्यावर ती १५ मेपर्यंत पुढं ढकलली. त्याच वेळी युरोपातल्या लोकांना वेगळी वागणूक होती, कारण तिथं मे २०१८ पासून कडक कायदा आहे. त्या महिन्यांत रोज पाच-सहा माणसं दुकानात येऊन विचारायची, "मान्य केलं तर काय होतंय? नाही केलं तर बंद पडतंय का?" एका शाळेचे शिपाई होते. शाळेची सगळी सूचना त्याच गटावर यायची. त्यांनी न वापरून कसं चालणार होतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं याच धोरणावरून व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटींचा दंड केला, मामला पुढं अपिलात गेला. तो कोर्टाचा विषय. मला एवढंच विचारायचंय की युरोपातल्या माणसाला जे देता येतं ते तासगावच्या माणसाला द्यायला अडचण काय आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो आम्हालाही आहे.

चौथी. आत यायला एक बोट लागतं, बाहेर पडायला अर्धा दिवस. माझ्याकडं गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले, वडील वारले होते, त्यांचं खरेदीच्या एका अ‍ॅपवरचं खातं बंद करायचं होतं कारण त्यांच्या नावानं सारखे मेसेज येत होते आणि आई प्रत्येक वेळी रडायची. सेटिंगमध्ये गेलो, मग 'मदत', मग 'इतर', मग 'खाते व गोपनीयता', मग 'अजून मदत हवी आहे का', तिथून एक यंत्र गप्पा मारायला आलं आणि त्यानं आम्हाला परत पहिल्या पानावर आणून सोडलं. ओटीपी त्या नंबरवर जात होता जो मुलानं महिन्यापूर्वीच बंद करून टाकला होता. शेवटी मी सांगितलं, आईंच्या फोनमधून ते अ‍ॅपच काढून टाकू. काढलं. खातं अजून तिथंच आहे.

संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागं घेता यावी हेही त्याच कायद्यात आहे. आणि ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध ३० नोव्हेंबर २०२३ पासून सरकारची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, त्यात अशा तेरा प्रकारांची यादी आहे. सदस्यत्व रद्द करणं अवघड करून ठेवणं हा त्यातलाच एक.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसते. स्वस्तातला नवा फोन खोक्यातून काढला की त्यात वीस-पंचवीस अ‍ॅप आधीच बसलेली असतात. न मागितलेली. काही निघतात, काही नुसती 'बंद' करता येतात. ज्याच्याकडं जास्त पैसे नाहीत त्याच्याच फोनमध्ये हे सगळ्यात जास्त असतं, हे मी रोज बघतो. आणि त्याच फोनवर दुपारी घरातली सहा वर्षांची मुलगी गेम खेळते. अठराखालच्या मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्यावर रोखून जाहिराती करायच्या नाहीत, असं कायदा म्हणतो. त्या मुलीचा वेगळा फोन नाही, आईचाच आहे. ती मूल आहे हे तुम्हाला कळत नाही असं मला सांगू नका. तिला कुठलं कार्टून पुढं दाखवायचं हे तुम्हाला बरोबर कळतं.

सहावी. नुकसान आमचं होतं आणि भरपाई कुणालाच मिळत नाही. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, ऐकायला मोठा आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जमा होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ आहे, निष्काळजीपणानं माहिती फुटली तर ज्याचं नुकसान झालं त्याला कंपनीकडून भरपाई मागता येते. नव्या कायद्यामुळं मे २०२७ मध्ये ते कलमच जाणार. उलट खोटी किंवा उगाच केलेली तक्रार ठरली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. मावशींना दिवसाला शेडवर जे मिळतं त्यात दहा हजार किती दिवसांचे होतात? त्या तक्रार करतील? कायदा सरकारनं केला हे मला माहीत आहे आणि सरकारलाही मी वेगळं लिहिणार आहे. पण भरपाई द्यायला तुम्हाला कुठल्या कायद्यानं अडवलेलं नाही.

आमच्या मागण्या.

संमतीचं पान मराठीत द्या, एका पानात द्या, आणि त्याच्याशेजारी ऐकायचं बटण ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला ते ऐकू आलं पाहिजे. भाषांतर यंत्राकडून करून आमच्या माथी मारू नका, इथल्या माणसाकडून लिहून घ्या. तुम्ही काय घेता, कशासाठी घेता, कुणाला देता आणि कधी पुसता, एवढी चार उत्तरं द्या.

संपर्कयादी मागणं बंद करा. ज्या कामाला ती खरोखर लागते तिथं एकेक नंबर निवडायची सोय द्या, अख्खी यादी उचलू नका. कर्जाच्या अ‍ॅपनी संपर्क, फोटो आणि कॉलच्या नोंदींना हात लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे. अ‍ॅपच्या दुकानांनी आणि जाहिरात दाखवणाऱ्यांनी ज्या कर्जदात्याची नोंदणी तपासलेली नाही त्याचा एक रुपयाही घेऊ नये.

नाही म्हणणाऱ्याचं काम अडवू नका. लोकेशन न देता जे चालू शकतं ते चाललं पाहिजे.

खातं बंद करायचं बटण पहिल्या पानावर ठेवा. मेलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी वेगळी, सरळ वाट ठेवा.

तक्रारीला माणूस द्या. त्याला मराठी येत असावं, त्याचं नाव आम्हाला कळावं, आणि त्यानं ठरल्या दिवसांत उत्तर द्यावं. ज्याच्या माहितीमुळं बदनामी झाली त्याला भरपाई द्या, त्याला कोर्टाची पायरी चढायला लावू नका.

आणि मे २०२७ ची वाट बघू नका.

माझ्या बाजूनं मी एक केलंय. गेल्या दिवाळीपासून दुकानात पाटी लावलीय, 'परवानगीचं बटण मालकानं स्वतः दाबायचं'. फोन चालू करून देतो, पण प्रत्येक पाटी आली की मोठ्यानं वाचतो, मराठीत सांगतो आणि फोन त्यांच्या हातात देतो. एका फोनला आता पाऊण तास लागतो. दुपारी रांग लागते, काही गिऱ्हाईकं चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातात. जे थांबतात ते प्रश्न विचारायला लागलेत. परवा एका आजींनी विचारलं, "हे दिवा लावायचं हाय न्हवं? मग ह्याला माझा पत्ता कशाला पायजे?" त्यांनी नको वर बोट ठेवलं आणि अ‍ॅप बंद पडलं. त्या म्हणाल्या, राहू दे.

मावशीही परत आल्या होत्या, नवा फोन घेऊन. दोन हजारांचा, बटणाचा. त्यांना दुसरा परवडतो, मुलगी आता कामाला लागलीय, पण नको म्हणाल्या. गटाचे मेसेज त्यांना शेजारीण वाचून दाखवते. त्यांना पुन्हा भीती न बाळगता साधा स्मार्टफोन हातात घेता यावा, एवढ्यासाठी वरच्या मागण्या आहेत.

चौतीस पानांची ती प्रत माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुमच्यापैकी कुणीही तासगावला यावं, ती हातात घ्यावी, आणि माझ्या दुकानात उभ्या असलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला ती मराठीत समजावून सांगावी. मी स्टूल आणि चहा देतो. तोपर्यंत या पत्राचं उत्तर लेखी द्यावं, आणि मराठीतून द्यावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक मोबाईल दुकानदार
तासगाव, जि. सांगली